दुसऱ्या रकान्यातले ठोके

टण्ण!

चमचा फरशीवर पडला, दोनदा उडाला आणि टेबलाच्या पायाला टेकून गप्प झाला.

त्याआधी घरात इतकी शांतता होती की नळाचा थेंब पडला असता तरी त्याला कोणीतरी दटावलं असतं. सासूबाईंची दोन बोटं सूनबाईच्या मनगटावर होती आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळात. सासरे पावाचा तुकडा तोंडात धरून, पण न चावता बसले होते. नवऱ्याने बशीत चहा ओतता ओतता हात अर्ध्यावर थांबवला होता.

"गेलं!" सासूबाईंनी बोटं उचलली. "एकेचाळीसवर होते मी. कोणी पाडला?"

टेबलाखालून पाच वर्षांचा आवाज आला, "कोणी नाही. तोच पडला."

"आपला आपण?"

"हो. त्याला कंटाळा आला होता."

सूनबाईला हसू फुटलं. सासूबाईंनी डोळे वटारले. "हसू नकोस! हसलीस की चार वाढतात. आता पुन्हा एकपासून. सगळ्यांनी एकदा श्वास घ्या आणि धरा."

"ठोके हिचे मोजायचेत ना?" नवरा म्हणाला. "आम्ही कशाला श्वास धरायचा?"

"तुझं नाक वाजतं. लहानपणापासून. धर."

त्याने निमूटपणे धरला. त्या घरात माप घेणारी व्यक्ती सांगेल तसं उभं राहायचं, हात वर म्हटलं की वर आणि पोट सोडा म्हटलं की सोडायचं, हा नियम गिऱ्हाइकांइतकाच घरच्यांनाही लागू होता. तीस वर्षं सासूबाई मापं घेत होत्या. टेप गळ्यात, पेन्सिल कानावर आणि मापवही काखेत. सासरे ती वही बघून कापड कापायचे, नवरा शिवायचा, काजं-बटणं करायचा आणि अस्तर लावायची सूनबाई. खाली शिवणाचा कारखाना, वर घर आणि दोघांच्या मध्ये अठरा पायऱ्या. मुलीचं शाळेतलं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण कपडे शिवणाऱ्यांच्या घरात जन्मून ती गोल गरगरीत निघाली, म्हणून तिला सगळे गुंडी म्हणत.

या अठरा पायऱ्या सूनबाई दीड महिना स्वतःच्या पायांनी उतरली नव्हती.

सुरुवात झाली ती टाचणीपासून. छातीत डाव्या बाजूला टोचायला लागलं, तेव्हा तिला वाटलं, कपड्यात टाचणी राहिली असेल. त्यांच्या घरात हे काही नवीन नव्हतं. तिने कपडे झटकले, उलटे केले, दुसरे घातले. टोचणं चालूच. आडवं झालं की जास्त, पुढे वाकून बसलं की कमी. दोन दिवस ती टाचणी शोधत राहिली आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याने तिला उचलून दवाखान्यात नेलं.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला भरभर होत्या. "हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. तिला सूज आलीय. हृदय हललं की ते तिच्यावर घासतं, म्हणून दुखतं."

सासरे दिवसाला साधारण तीन वाक्यं बोलत. त्यातलं एक त्यांनी तिथे खर्च केलं. "म्हणजे अस्तर आवळलंय."

डॉक्टरीणबाई थबकल्या. "हो... तसंच म्हणा."

"मग थोडं उसवून ढिलं करता येणार नाही का?" सासूबाईंनी विचारलं.

"आई!" नवरा म्हणाला.

उसवायची गरज नव्हती. सूज उतरवायच्या गोळ्या मिळाल्या, आराम मिळाला. पण महिना झाला तरी ठोके धावतच राहिले. नुसतं खुर्चीतून उठलं तरी हृदय अठरा पायऱ्या चढल्यासारखं धडधडायचं आणि प्रत्येक धडधडीला ती टाचणी टोचायची. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आणखी एक छोटी गोळी लिहून दिली.

"ही सूज उतरवत नाही, ते काम बाकीच्या गोळ्यांचं. ही फक्त हृदयाला म्हणते, जरा दमानं घे. ठोके कमी, तर घासणं कमी. घासणं कमी, तर दुखणं कमी. उद्याचे ठोके गोळीआधीचे म्हणून मोजा, तीन वेळा. परवापासून गोळी. रोज लिहून ठेवा आणि पुढच्या शुक्रवारी वही घेऊन या. आकडे खाली आले आणि दुखायचं थांबलं, तर हळूहळू पायऱ्या उतरायला आणि बसून काम करायला हरकत नाही."

"आणि मुलीला कडेवर?" सूनबाईने विचारलं.

"वजन?"

"सतरा किलो."

"कडेवर नाही. पण बसून मांडीवर घ्यायला शुक्रवारी बघू."

बस्स. शुक्रवार! दीड महिना गुंडी तिच्या शेजारी बसत होती, हाताला हातही न लावता, जसं काही आई म्हणजे नुकतीच रंगवलेली भिंत. मांडीवर यायची नाही, कारण आजीने सांगितलं होतं, आईच्या छातीवर कोपर लागलं तर बघ. सूनबाईला दुखण्यापेक्षा ते शेजारी बसणंच जास्त टोचायचं.

तर पहिल्या दिवशी सासूबाईंनी तीन वेळा नाडी मोजली. सकाळी शहाण्णव. संध्याकाळी ब्याण्णव. पण दुपारी साडेबाराला, बोटं मनगटावर असतानाच गुंडी शाळेतून आली. पायऱ्यांवर दणदण पाय वाजले, "आई, माझा दात हालतोय!" अशी आरोळी आली आणि सासूबाईंच्या बोटांखाली नाडी उधळली.

"एकशे अठरा," सासूबाई घाबरून म्हणाल्या.

"माझ्यामुळे?" गुंडीने विचारलं.

"तुझ्यामुळेच."

गुंडीचा चेहरा असा फुलला की विचारू नका. तिच्या वर्गात कोणाचाही आकडा एकशे अठरा नव्हता. एकाच्या वडिलांकडे दोन मोटारी होत्या आणि एकीची आत्या विमानात काम करायची, पण ज्याच्या नुसत्या येण्याने आईचं हृदय एकशे अठरा वेळा उडतं असं कोणीच नव्हतं. तिने ते वर्गात सांगितलं, डब्यावर लिहून घेतलं आणि दूधवाल्यालाही ऐकवलं.

मग गोळी सुरू झाली आणि आकडे उतरायला लागले. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याऐंशी. एकोणऐंशी. सासूबाई प्रत्येक आकडा जिन्यातून खाली ओरडून सांगत आणि खालून नवरा "वा!" म्हणे. सूनबाईला रात्रभर नीट झोप लागू लागली, तीही आडवी होऊन. टाचणी बोथट झाली, मग कधीतरीच लागू लागली.

खूश नव्हती ती एकटी गुंडी. साडेबाराला ती यायची, बूट न काढता विचारायची, "किती?"

"ऐंशी! बघ, किती छान!"

"ऐंशी?" गुंडीचं तोंड पडायचं. "सकाळी किती होते?"

"एकोणऐंशी. एकच वाढला."

एक! तिच्या येण्याला फक्त एक! दुसऱ्या दिवशी तिने दाराआड लपून "भॉक!" केलं. आजीच्या हातातली पेन्सिल उडाली, सूनबाईची नाडी तीनने वाढली आणि गुंडीला कोपऱ्यात उभं केलं गेलं. कोपऱ्यातून ती म्हणाली, "तीन तर तीन."

इकडे सोमवारी जेवताना सासऱ्यांनी एक वाक्य टाकलं होतं. "जादूगार फार बदलला."

"माणसं बदलतातच," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांना आणखी एक पोळी वाढली. कोणाच्याच काही लक्षात आलं नाही.

हा जादूगार त्यांचं जुनं गिऱ्हाईक. उंच, रुंद, खांद्याने दार अडवणारा. शनिवारी त्याचा मोठा खेळ होता आणि त्यासाठी नवा काळा कोट. त्याच्या कोटाची सगळी गंमत आतल्या बाजूला. अस्तराला चौदा चोरखिसे, कुठला हात कुठे गेला की काय बाहेर येईल याचा सगळा हिशोब सूनबाईच्या डोक्यात. ती आजारी पडल्यावर त्याने निरोप धाडला होता, "वहिनींना म्हणावं, सावकाश बऱ्या व्हा, पण शनिवारच्या आत."

बुधवारी दुपारी सूनबाई खिडकीपाशी पुढे वाकून बसली होती. घरात काय चाललंय ते तिला आवाजावरून कळायचं. कात्रीची कर्र कर्र म्हणजे सासरे, मशीनची घर्र घर्र म्हणजे नवरा. त्या दुपारी दोन्ही थांबले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाऊण तास. मग नवरा वर आला. हातात उशी.

"ही कशाला?" तिने विचारलं.

"तुला. पाठीला."

"दोन आहेत आधीच."

"तिसरी असू दे."

"खाली काय झालंय?"

"खाली? काही नाही. सगळं छान आहे. फारच छान."

नवऱ्याला खोटं बोलता येत नसे. त्याचे कान लाल व्हायचे. आत्ता ते अस्तराच्या साटिनसारखे झाले होते.

"जादूगाराचा कोट झाला का?"

"कोट? कुठला कोट? हां, तो! होतोय की."

तेवढ्यात सासूबाई आल्या आणि वेळ नसताना तिची नाडी धरून बसल्या. "तू शांत आहेस ना? नाही, सहज विचारते."

"आजोबांनी भोवरा शिवलाय," गुंडी मागून म्हणाली. "माणसाएवढा!"

मग कोट वर आणावाच लागला. सासऱ्यांनी तो कच्च्या टाक्यांनी जोडून लाकडी धडावर चढवला होता. छातीला अरुंद, पोटाला घागर आणि खाली पुन्हा चिमटलेला. खरोखरच भोवरा. दोरी गुंडाळली की फिरला असता.

"बाबा, हे काय?"

सासऱ्यांनी मापवही उघडून पुढे धरली. "वहीत आहे."

वहीत होतंच. जादूगाराच्या पानावर पहिल्या रकान्यात छाती एकशे दहा, कंबर शंभर, सीट एकशे सहा. आणि शेजारी, दुसऱ्या रकान्यात, सासूबाईंच्याच अक्षरात तीन आकडे. त्या कारखान्याची तीस वर्षांची रीत अशी, की गिऱ्हाईक जाडलं किंवा वाळलं की नवं माप दुसऱ्या रकान्यात लिहायचं आणि दुसऱ्या रकान्यात काही असलं की पहिल्याकडे बघायचंसुद्धा नाही.

शहाण्णव. एकशे अठरा. ब्याण्णव.

तो मधला आकडा सूनबाईने कुठेही ओळखला असता.

"आई," ती म्हणाली, "ही माझी नाडी आहे."

सासूबाईंनी वही जवळ घेतली, लांब नेली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "अगं बाई गं." त्या पलंगावर बसल्या. "त्या दिवशी हाताशी हीच वही होती. उघडं पान दिसलं, लिहिलं. दुसऱ्या दिवशी याने वेगळी वही आणून दिली..."

"सोमवारपासून," सासरे म्हणाले, "मी त्या माणसासाठी हळहळलो." आणि त्या दिवसाची वाक्यं संपल्यासारखे खिडकीबाहेर बघू लागले.

सूनबाईला राग आला. चांगला सणसणीत आला. तीन दिवसांवर खेळ, कापड सगळं कापलेलं आणि वर उशा आणून देतात! ती बोलायला लागली आणि बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं की काहीतरी कमी आहे. एरवी राग आला की आत ढोल वाजायचा, कानशिलं तापायची. आत्ता शब्द सगळे होते, पण ढोलवाला रजेवर होता. हृदय आपलं दमानं, एक पाऊल, दुसरं पाऊल, बागेत फिरायला निघाल्यासारखं.

सासूबाईंची बोटं मनगटावर होतीच. "चौऱ्याहत्तर," त्या म्हणाल्या. आधी त्यांना हायसं वाटलं आणि लगेच वाईट. "म्हणजे तुला माझा राग आला नाही?"

"आलाय ना! खूप आलाय!"

"चौऱ्याहत्तरला कसला आलाय? दूधवाल्याशी बोलताना असतो तुझा चौऱ्याहत्तर. मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस."

"नाही हो आई, खरंच! मी फार चिडलेय!"

"मग थोडी ओरड तरी," सासूबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

या सगळ्यात गुंडी धडाच्या पायाशी बसून एकदा आजीकडे, एकदा आईकडे बघत होती.

ढोल नसल्याचा एक फायदा मात्र झाला. डोकं रिकामं होतं, विचाराला जागा होती. सूनबाईने कोट उलटा केला, सुलटा केला, शिवणीत बोट घालून मार्जिन पाहिलं. "छातीला नि खाली पट्ट्या घालू. काखेपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंनी, अस्तराच्या लाल साटिनच्या. मुद्दाम दिसतील अशा."

"आणि पोट?" नवऱ्याने विचारलं.

"पोट राहू दे. तिथे अठरा सेंटीमीटर मोकळी जागा आहे. जादूगाराला मोकळ्या जागेचं काय करायचं ते सांगावं लागत नाही."

सासरे आणि नवरा खाली पट्ट्या कापायला पळाले. चोरखिसे मात्र हातानेच घालायचे होते. बसून, पुढे वाकून. आणि पुढे वाकून बसल्यावरच तर तिला बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी पट्ट्या लागून कोट वर आला आणि दीड महिन्याने तिने बोटात अंगुस्तान चढवलं. सासूबाईंची एकच अट होती, नाडी बघत राहणार. पण दोन्ही हात शिवणात गुंतलेले, मनगट हलतंय. मग सासूबाईंना आठवलं की डॉक्टरीणबाईंनी घोट्याच्या आतल्या बाजूलाही नाडी तपासली होती. त्या खाली स्टुलावर बसल्या आणि सुनेचा पाय मांडीवर घेऊन घोटा धरला.

नेमका तेव्हाच जादूगार जिना चढून वर आला. मागे नवरा.

दोघंही दारात थांबले. सून खुर्चीत बसून शिवतेय, सासू खाली बसलीय, दोन्ही हातांनी सुनेचा पाय धरलाय आणि डोळे मिटून पुटपुटतेय.

"आई!" नवरा म्हणाला. "अगं, चूक झाली म्हणून इतकं?"

"गप्प!" सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "छप्पन्नवर आहे मी."

जादूगाराने आयुष्यात अनेक अचाट गोष्टी करून दाखवल्या होत्या, पण सासूला सुनेच्या पायाशी बसवणं त्याला जमलं नसतं. त्याने आदराने टोपी काढली.

त्याला सगळं खरं सांगितलं. त्याने कोट अंगावर चढवला, लाल पट्ट्या पाहिल्या, मग पोटापाशी हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. पुन्हा काढला, पुन्हा घातला.

"इथे बदक राहील," तो हळूच म्हणाला. "अख्खं बदक! वहिनी, सशाला हल्ली कोणी टाळ्या वाजवत नाही हो. वीस वर्षं मी बदकासाठी जागा शोधतोय. हे माप कोणी काढलं?"

"गुंडीने," सूनबाई म्हणाली.

गुंडी पडद्याआड होती. ती बाहेर आली नाही.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "छान उतरलेत आकडे. दुखणं?"

"इथल्या पायऱ्या चढून आले, तेव्हा जरासं. बाकी नाही."

"उत्तम. पण गोळीआधीच्या दिवसाचे आकडे कुठायत?"

सासूबाई, सासरे आणि नवरा तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं.

"ते जादूगाराच्या अंगावर आहेत," सासरे म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि ते न विचारायचं ठरवलं. "गोळ्या सगळ्या चालू ठेवायच्या, आपल्या मनाने एकही बंद करायची नाही. जिना हळू, मध्ये थांबून. बसून काम करा. धावपळ नाही, ओझं नाही."

"आणि मांडीवर?"

"मांडीवर चालेल."

साडेबाराला सूनबाई खाली कारखान्यात आपल्या जुन्या खुर्चीत बसली होती. खडूचा, इस्त्रीच्या वाफेचा, नव्या कापडाचा वास. नवऱ्याने तिच्या मशीनला तेल घालून ठेवलं होतं. सासूबाई मनगट धरून शेजारी. दारात बूट वाजले. दणदण नाही. नुसते वाजले.

"गुंडे, ये," सूनबाईने मांडी थोपटली. "डॉक्टरबाईंनी सांगितलंय. चालतं आता."

गुंडी जवळ आली. दप्तर काढलं, आजीकडे एकदा पाहिलं आणि इतक्या जपून मांडीवर चढली, की जणू ती स्वतःच काचेची होती. सतरा किलो. सूनबाईने दोन्ही हातांनी तिला धरलं. केसांना शाळेतल्या फळ्याचा वास येत होता. सूनबाईचे डोळे भरून आले, शिलाईच्या मशीनचा दिवा पाण्यात पडल्यासारखा हलायला लागला. सुख म्हणजे काय ते तिला विचारलं असतं, तर तिने नुसतं बोट दाखवलं असतं.

"शहात्तर!" सासूबाई ओरडल्या. "ही मांडीवर असूनसुद्धा शहात्तर! वा!"

"वा!" नवरा मशीनवरून म्हणाला.

सासऱ्यांनी कात्री वाजवली.

गुंडीने आईच्या छातीला कान लावला. डावा लावला, मग उजवा लावून पाहिला. बराच वेळ ऐकलं. तिला एकोणतीसपर्यंतच मोजता यायचं, ती तिथवर गेली आणि पुन्हा एकवर आली. आत सगळं आपल्या चालीने चाललं होतं, ना घाई, ना गडबड.

मग तिने मान वर केली आणि आईच्या ओल्या डोळ्यांकडे बघत विचारलं, "आई, मी आले हे त्याला कळलंच नाही का?"